‘मिरर्स एज’मध्ये सारखं पडताय? या चुका टाळा

फर्स्ट पर्सन पार्कूर गेममध्ये, म्हणजे पात्राच्या डोळ्यांनी बघत गच्च्या-भिंतींवरून उड्या मारत धावायच्या गेममध्ये, सुरुवातीला सगळेच पडतात. गच्चीच्या कठड्यावरून, क्रेनच्या दांड्यावरून, कधी नुसत्या पायपावरून. पडल्यावर ठरलेलं वाक्य येतं, "बटण दाबलं होतं बे, ह्यानं घेतलंच नाही." कंट्रोलर कधीकधी खरंच गंडलेला असतो, त्याचं पुढं सांगतो. पण बहुतेक वेळा बटण वेळेवर दाबलेलं असतं आणि नजर भलतीकडं असते.

इथं मुख्यतः ‘मिरर्स एज’ आणि ‘मिरर्स एज कॅटलिस्ट’ धरून लिहितोय. स्टॉकहोमच्या डाइस स्टुडिओनं पहिला गेम नोव्हेंबर २००८ मध्ये पीएस३ (प्लेस्टेशन ३) आणि एक्सबॉक्स ३६० वर आणला, तर कॅटलिस्ट २०१६ मध्ये पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर. दोन्हीत आपण फेथ नावाच्या रनरच्या डोळ्यांनी शहर बघतो. पाळत असलेल्या शहरात गच्च्यांवरून निरोप पोचवणारी ही पोरगी. ज्यांना ‘डाइंग लाइट’ (२०१५) आवडतो त्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, फक्त तिथं मागं झोंबी लागलेले असतात.

पहिली चूक दुकानातच होते. जुन्या गेमची पीएस३ ची डिस्क सेकंड हॅण्डमध्ये स्वस्त दिसते म्हणून आपल्याकडची पोरं उचलून आणतात आणि घरी येऊन पीएस४ मध्ये घालतात. ती चालत नाही, पीएस५ मध्येही चालत नाही. प्लेस्टेशन४ किंवा ५ असेल तर कॅटलिस्ट घ्या. पीएस४ ची डिस्क पीएस५ च्या डिस्कवाल्या मॉडेलमध्ये चालते. एक्सबॉक्सवाल्यांचं नशीब बरं आहे. पहिल्या गेमची ३६० ची डिस्क एक्सबॉक्स वनमध्ये आणि सिरीज एक्समध्ये चालते. सिरीज एसला डिस्कची खाचच नाही, तेव्हा तिथं डिजिटलच घ्यावा लागतो. बेळगावात असो, निपाणीत असो की कोल्हापूरला जाऊन घ्या, डिस्क उजेडात तिरकी धरून ओरखडे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बोटं कुठं ठेवायची

माझा भाचा खानापूरला असतो. मे महिन्याच्या सुट्टीत आला की टीव्ही त्याचाच. एकदा तो कॅटलिस्टमध्ये एकाच गच्चीवरून परत परत खाली जात होता आणि कुरकुरत होता, "मामा, बटण दाबूलालोय की, उडंना झालंय हे." मी टीव्ही सोडून त्याच्या हातांकडं बघितलं. डाव्या हाताचं एकच बोट, तर्जनी, एल१ वरून एल२ वर (कंट्रोलरच्या डाव्या खांद्यावरची वरची आणि खालची बटणं) आणि परत एल१ वर असं सरकत होतं. उडी एल१ वर, पाय आखडणं आणि गोलांटी एल२ वर. उडी मारल्यावर हवेतच बोट खाली न्यायचं, म्हणजे अर्धा क्षण गेलाच. शिवाय बोट सरकताना कंट्रोलर हलतो, अंगठाही हलतो आणि फेथ तिरकी धावते.

उपाय सोपा आहे, पण सवय व्हायला वेळ लागतो. तर्जनी कायम एल१ वर, मधलं बोट कायम एल२ वर. एक्सबॉक्सवर हेच एलबी आणि एलटी. उजव्या हाताचंही तसंच, कारण आर१ म्हणजे गर्रकन मागं वळणं. दुसऱ्या गेममध्ये उडी एक्सवर असते म्हणून इथंही एक्स शोधणारे पुष्कळ आहेत. पण उडी खांद्यावरच्या बटणांवर दिली ती मुद्दाम. एक्स दाबायला उजवा अंगठा स्टिकवरून उचलावा लागतो, म्हणजे उडीच्या ऐन क्षणी मान हलवता येत नाही. या गेममध्ये तेवढं एकच करायचं नसतं. ‘डाइंग लाइट’मध्येही पीएस४ वर उडी आर१ वर आहे, कारण तेच.

एक छोटी गोष्ट: दुसऱ्याच्या कन्सोलवर खेळत असाल तर आधी सेटिंगमध्ये जाऊन वर-खाली उलटं केलेलं नाही ना ते बघा. निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

पायाकडं बघू नका

कठडा जवळ आला की नवखा माणूस खाली बघतो. ‘आता संपतोय का? आता?’ खाली बघितलं की समोरची गच्ची पडद्यावरून जाते, अंतराचा अंदाज जातो आणि उडी एक तर फार लवकर पडते नाहीतर कठड्याच्या पुढं. नजर जिथं उतरायचंय तिथं ठेवायची. कठडा पडद्याच्या खालच्या काठाला सरकत जातो तेवढं दिसलं तरी पुरे. कठड्यावरून पाय सुटायच्या आत, म्हणजे वाटतं त्यापेक्षा किंचित उशिरा, एल१. उडी कमी पडली तरी घाबरून स्टिक सोडू नका. डावी स्टिक पुढं दाबूनच ठेवली आणि तोंड भिंतीकडं असलं तर फेथ काठ पकडते. हवेत असताना स्टिक सोडून देणं ही फार जणांची खोड आहे आणि तिच्यापायी वाचण्यासारख्या उड्याही वाया जातात.

लाल रंगाचंही असंच. पहिल्या गेममध्ये पांढऱ्याशुभ्र शहरात फळी, पाइप, दार लाल होतं. याला रनर व्हिजन म्हणतात. लाल दिसलं की डोळे त्याला चिकटतात आणि लाल वस्तूच्या पलीकडं काय आहे हे बघायचं राहतं. लाल फळी म्हणजे ‘इथून जा’, पण कुठं जा हे पुढच्या लाल वस्तूवरून कळतं. कॅटलिस्टमध्ये तर जमिनीवर लाल रेषाच धावते. सेटिंगमध्ये तिचे तीन प्रकार आहेत: पूर्ण, क्लासिक आणि बंद. पूर्ण ठेवलंत तर त्या रेषेमागं मेंढरासारखं जाणं होतं आणि शहर डोक्यात बसत नाही. वेळेच्या शर्यतीत रेषेची वाट सगळ्यात जवळची असेलच असं नाही, पुष्कळदा नसतेच. माझं मत विचाराल तर कथेतल्या सुरुवातीच्या मोहिमा झाल्या की क्लासिकवर या. पहिल्या गेममध्ये हार्ड निवडलं की रनर व्हिजन आपोआप जातं.

वेग गेला की सगळं गेलं

फेथ एकदम पूर्ण वेगात येत नाही. काही क्षण सरळ धावू दिलं की वेग चढतो. आणि तो जातो मात्र पटकन: कोपऱ्याला खांदा घासला, आडवं पाऊल टाकलं, दारासमोर थांबलं, की गेला. लांब उडी जमत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला मी एवढंच विचारतो, आधी किती धावलास? गच्चीच्या मधोमध उभं राहून उडी मारायचा प्रयत्न करणारे असतात. मागं जा, भिंतीला पाठ लावा, मग सुटा. वाटेत गुडघाभर अडथळा असेल तर त्याला वळसा घालू नका, एल१ नं ओलांडा. वळशात जास्त वेग जातो. पहिल्या गेममध्ये बंद दाराला धावत जाऊन आर२ नं धडक द्यायची, उभं राहून उघडत बसायचं नाही.

उंचावरून उतरताना गोलांटी घेतली नाही तर फेथ धप्पकन बसते, पडदा हेलकावतो आणि वेग शून्य. एल२ जमिनीला टेकायच्या जरा आधी दाबायचं. उडी मारल्या मारल्या दाबलं तर ती हवेतच पाय पोटाशी घेते. तेही कामाचं आहे, पण तारेच्या कुंपणावरून जाताना. कॅटलिस्टमध्ये एक गंमत आहे: गोलांटी, पाय आखडणं, गर्रकन वळणं ही साधी कामंसुद्धा सुरुवातीला कुलुपात आहेत, गुण मिळवून उघडावी लागतात. हा निर्णय मला आजही पटलेला नाही. तेव्हा मिळतील ते पहिले गुण हालचालींच्या रकान्यात घाला, मारामारीच्या रकान्याकडं नंतर बघा. ‘मामा, एल२ दाबतोय तरी गोलांटी घेत नाही’ याचं उत्तर कधीकधी एवढंच असतं की ती अजून विकतच घेतलेली नाही.

भिंत

भिंतीवर आडवं धावायचं असतं आणि फेथ सरळ वर चढायला लागते, ही तक्रार सगळ्यात जास्त. कारण कोन. भिंतीकडं तोंड करून उडी मारली की ती चढते, तिरकं जाऊन मारली की धावते. भिंत पडद्याच्या एका बाजूला दिसली पाहिजे, मधोमध नाही. मग भिंतीवरून पलीकडं झेप घ्यायची असेल तर उजव्या स्टिकनं मान वळवत बसू नका, तेवढ्यात घसरून खाली याल. आर१ दाबा, ती वळते, लगेच एल१. सरळ चढतानाही तसंच: धावत जा, एल१, वर पोचताच आर१, परत एल१, आणि मागची उंच कड हातात. कथा बाजूला ठेवून एखाद्या कोपऱ्यात हा क्रम घोटून घ्या. तो बोटात बसल्याशिवाय पुढची कोडी सुटत नाहीत.

(आणि हे शहापूर-वडगावच्या कौलांवर करून बघायला जाऊ नका. पावसाळ्यात मंगळुरी कौलावर शेवाळ धरतं, आणि तिथं पडल्यावर परत सुरू करायला चेकपॉइंट नसतो.)

मारामारी

मारामारी कमीत कमी करा. बंदूकवाले समोर आले की उभं राहून लढणं ही कॅटलिस्टमधली सगळ्यात महाग चूक. धावत राहिलात की फोकस, म्हणजे फेथची ढाल, भरतो आणि तो भरलेला असेपर्यंत गोळ्या लागत नाहीत. थांबलात की तो संपला. एकाला लाथेनं दुसऱ्यावर ढकला आणि पुढं निघा. पहिल्या गेममध्ये समोरच्याचं शस्त्र लाल झालं की त्रिकोण, एक्सबॉक्सवर वाय, म्हणजे ते हिसकावता येतं. वेळ जमत नसेल तर चौकोन दाबून वेळ मंद करा. मधला ठिपका निळा झाला की ती सोय तयार असते. बंदूक हातात आली तरी फार वेळ बाळगू नका. जड बंदूक घेऊन फेथला धावता-चढता येत नाही. एकाही शत्रूवर गोळी न झाडता गेम पुरा केला तर त्याची वेगळी ट्रॉफी आहे.

डोकं गरगरतं, मळमळतं

चोर्ला घाटात बसच्या मागच्या सीटवर बसलेल्याचं जे होतं तेच हे, फक्त उलटं. घाटात कानाच्या आतल्या भागाला वळणं कळतात, पण डोळ्यांना समोरची सीट स्थिर दिसते. इथं डोळे धावतात आणि शरीर खुर्चीत. मेंदूला दोन्हीचा मेळ बसत नाही आणि पोट ढवळतं. पडद्याच्या मधोमध जो बारीक पांढरा ठिपका आहे तो नेम धरण्यापुरता नाही. त्याच्यावर नजर ठेवली की त्रास कमी होतो. सेटिंगमध्ये जाऊन तो बंद करणारे बंद करतात आणि मग गोळी मागतात. खोलीत दिवा चालू ठेवा, टीव्हीपासून लांब बसा, मोशन ब्लर (वेगात चित्र पुसट होणं) बंद करता येत असेल तर करा. मळमळायला लागलं की ‘एवढा चेकपॉइंट होऊ दे’ म्हणू नका. तिथंच थांबा, उद्या खेळा. नेटानं खेळत राहून ते जात नाही, वाढतं.

आता यंत्राचं

सगळं बरोबर करूनही उडी उशिराच होत असेल तर आधी टीव्ही बघा. चित्र सुंदर करण्याच्या नादात काही टीव्ही ते दाखवायलाच वेळ लावतात. सेकंदाला सात मीटर धावणाऱ्याला ०.१ सेकंद उशीर म्हणजे ७० सेंटिमीटर, तेवढ्यात कठडा संपतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. पोरं नवा कंट्रोलर घेतात आणि दोष टीव्हीत निघतो.

मग कंट्रोलर. स्टिक पूर्ण पुढं दाबूनही फेथ चालतच राहिली किंवा आपोआप एका बाजूला ओढली गेली तर स्टिक झिजली आहे किंवा आत धूळ आहे. आपल्याकडची तांबडी माती स्टिकच्या कडेनं आत जाते. कंट्रोलर बंद करून स्टिक सगळीकडं फिरवत हवेचा झोत मारा. पीएस४ च्या कंट्रोलरला मागं एल२ जवळ बारीक भोक आहे, त्यात टाचणीनं रिसेट दाबा आणि केबलनं परत जोडा. एवढं करून ओढत असेल तर स्टिक बदलून घ्या.

राहिली लाईट. दोन्ही गेम चेकपॉइंटला आपोआप सेव्ह होतात, हातानं करायची सोय नाही. सेव्हचं चिन्ह फिरत असताना लाईट गेली तर फाइल बिघडू शकते. पीएस४ मॉडेलनुसार साधारण ८० ते १५० वॉट खातो, त्यामुळं वायफायच्या राउटरला लावतो तो छोटा यूपीएस इथं चालत नाही. कॉम्प्युटरचा यूपीएस किंवा साइन वेव्ह इन्व्हर्टर लागतो. जून ते सप्टेंबर रेस्ट मोडची सवय सोडा. झोपलेल्या कन्सोलची लाईट गेली तरी पुढच्या वेळी तो स्टोरेज तपासत बसतो. पूर्ण बंद करा. तरीही गेम अडखळायला लागला तर पीएस४ बंद करून पॉवरचं बटण दुसरी बीप येईपर्यंत दाबून धरा, कंट्रोलर केबलनं जोडा आणि सेफ मोडमधला पाच नंबरचा पर्याय, रिबिल्ड डेटाबेस, निवडा. त्यानं सेव्ह जात नाहीत. सहा आणि सात नंबरच्या पर्यायांना मात्र हात लावू नका, त्यांत सगळंच पुसलं जातं.