पायडल बोट: आधी वाऱ्याच्या तोंडावर जा

जाताना बोट झुळझुळ जाते आणि परतताना पाय भरून येतात, वर अर्धा तास उलटला म्हणून काठावरून शिट्ट्या. सोलापूरचा कंबर तलाव असो की दुसरा कुठला, कारण बहुतेक वेळा वाराच असतो.

१. बसण्याआधी पाण्याकडे बघा. बारीक लाटा ज्या बाजूने येतात, वारा तिकडूनच आहे. जवळपास एखादा झेंडा फडकत असेल तर आणखी सोपं.

२. सुरुवातीलाच त्या दिशेने, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध जा. पाय ताजे असतात तेव्हाच हे काम उरकून घ्या. येताना वारा ढकलतो, गप्पा मारत या. मुलांचा हट्ट नेमका उलट्या दिशेचा असतो, तो ऐकू नका.

३. दोघांच्या वजनात फार फरक असेल तर बोट एका अंगाला कलते आणि सारखी वळते. मागे मुलं असतील तर त्यांना हलक्या माणसाच्या बाजूला बसवा.

४. सुकाणूचा दांडा जरा जरा वळवा आणि पायडल चालू ठेवा. बोट थांबली की दांडा कितीही फिरवा, ती वळत नाही. धक्क्याजवळ आल्यावर उलटं पायडल मारा, तोच ब्रेक.

लाईफ जॅकेटचे पट्टे मात्र बसण्याआधीच आवळा, नुसतं गळ्यात अडकवलेलं जॅकेट पाण्यात अंगावरून निघतं. आणि सेल्फीसाठी पाण्यात जागा बदलायची नाही.