सोलापूरच्या सिव्हिलमध्ये चिंतेवर उपचार: गोळी आपोआप मिळते, समुपदेशन मागून घ्यावं लागतं

छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात, रात्री दोनला जाग येते आणि आता काहीतरी वाईट होणार असं वाटत राहतं. ईसीजी काढला, तर तो नॉर्मल. घरात कुणी म्हणतं ॲसिडिटी असेल, कुणी म्हणतं बाहेरचं बघून घ्या. इथवर येईपर्यंत दोन-तीन खासगी डॉक्टर आणि एक-दोन सलाईन होऊन गेलेल्या असतात.

चिंतेच्या आजारावर सरकारी दवाखान्यात उपचार होतात आणि ते चांगले होऊ शकतात. फक्त तिथे रांग मोठी आणि डॉक्टरांसमोरचा वेळ थोडा. काही न मागता बाहेर पडलात तर हातात गोळ्यांची चिठ्ठी असते. बोलून करायचा उपचार, म्हणजे समुपदेशन किंवा सायकोथेरपी, तोंड उघडून मागावी लागते.

कुठे जायचं

सोलापूर शहरात असाल तर जिल्हा न्यायालयासमोरचं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय याच आवारात असल्यामुळे इथे मानसोपचार विभाग आहे. 'मानसोपचार' हा शब्द लक्षात ठेवा, खिडकीवर तोच लागतो.

तालुक्याला राहत असाल तर पहिल्याच खेपेला सोलापूर गाठायची गरज नाही. पंढरपूर, अकलूज आणि करमाळा इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी येतं. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना किंवा आशाताईंना तो दिवस विचारा. किशोरवयीन मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असतात. दहावी-बारावीच्या मुलाला थेट 'मानसोपचार' अशी पाटी असलेल्या दारात नेणं घरच्यांना जड जात असेल, तर तिथून सुरुवात करता येते.

कारखान्यातून पगारातून ईएसआय कापलं जात असेल, तर कामगार विम्याचा दवाखाना हाही हक्काचा मार्ग आहे. यंत्रमागावरच्या पुष्कळ कामगारांचं ईएसआय कापलंच जात नाही हा वेगळा विषय, पण ज्यांचं कापलं जातं त्यांनी कार्ड घरात ठेवून उपयोग नाही.

घराबाहेर पडायलाच भीती वाटत असेल तर आधी फोन करा. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, क्रमांक १४४१६, चोवीस तास चालू आणि मोफत. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे. मराठीत बोलता येतं, तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आजींना मनातलं तेलुगूतच नीट सांगता येतं, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. फोनवर आधी समुपदेशक बोलतात आणि गरज पडली तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात.

आदल्या रात्री करायचं काम

एक कागद लिहा. ओपीडीतली पाच-सात मिनिटं 'कसं सांगू, कसंतरीच होतंय' यात निघून जातात. निम्मी तक्रार सांगायची राहते ती बहुतेक यामुळेच. चिठ्ठी अशी असू द्या:

'वय ३४. मागावर काम. आठ महिन्यांपासून त्रास, थोरल्या भावाला ॲटॅक आल्यानंतर सुरू. रोज काळजी, थांबवता येत नाही. आठवड्यातून तीनदा एकदम धडधड, श्वास अडकतो, दहा-पंधरा मिनिटांत उतरतं. झोप चार तास. एसटीत बसायला भीती, दोन महिन्यांत गावाला गेलो नाही. चहा आठ कप, तंबाखूचा मावा रोज चार. दारू नाही. ईसीजी दोनदा, नॉर्मल. मेडिकलमधून झोपेची गोळी घेतली, महिनाभर.'

कधीपासून, किती वेळा, कशामुळे काम अडलं, आधी काय घेतलं, एवढं डॉक्टरांना हवं असतं. चहा आणि मावा मुद्दाम लिहिलाय. कॅफीन आणि निकोटिन दोन्ही हृदयाचे ठोके वाढवतात. ते लपवलं तर औषध लागू का पडत नाही ते कुणालाच कळत नाही. झोपेची गोळी परस्पर घेतली असेल तर तीही लाज न बाळगता सांगा.

जमलं तर जीएडी-७ ही चिंता मोजायची प्रश्नावली भरून न्या. मागच्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र. हे निदान नव्हे. उपयोग असा की दोन महिन्यांनी पुन्हा भरली की उपचारांनी फरक पडला का ते आकड्यात दिसतं.

सोबत आधार कार्ड, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि पाण्याची बाटली.

खिडकीपासून डॉक्टरांपर्यंत

सकाळी केसपेपरची खिडकी उघडतानाच पोचा. सोमवारी आणि सणाच्या सुट्टीनंतरच्या दिवशी गर्दी जास्त, तो दिवस टाळता आला तर बरं. सुटे पैसे जवळ ठेवा. 'सरकारीत सगळं फुकट झालंय ना?' यावरून खिडकीवर वाद होतात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतली सेवा १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत झाली. सिव्हिल वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतं, म्हणून तिथले नियम वेगळे.

खिडकीवर 'मानसोपचार ओपीडी' एवढंच सांगा. 'छातीत धडधडतं' म्हणालात तर मेडिसिनचा केसपेपर निघेल. त्यात चूक काही नाही, कधीच तपासणी झाली नसेल तर उलट तेच योग्य. थायरॉइड वाढलेला असला, रक्त कमी असलं, तरी अशीच धडधड होते, म्हणून हिमोग्लोबिन, साखर, टीएसएच (थायरॉइडची चाचणी) आणि ईसीजी एकदा झालेलं चांगलं. पण हे रिपोर्ट हातात असतील तर पुन्हा त्याच रांगेत अर्धा दिवस घालवू नका.

आत गेल्यावर दोन गोष्टींचा धक्का बसतो. वैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे शिकाऊ डॉक्टर बसलेले असतात आणि बऱ्याचदा तेच आधी माहिती घेतात. ती नीट सांगा, कारण सविस्तर ऐकायला त्यांच्याकडेच जास्त वेळ असतो. दुसरा धक्का म्हणजे टेबलाशी आणखी पेशंट उभे असतात. खासगी काही सांगायचं असेल तर 'मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय' असं म्हणा. सुनेसोबत सासूबाई आत येतात आणि सगळी उत्तरं त्याच देतात, हे तर नेहमीचंच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचाराची माहिती गोपनीय ठेवणं हा रुग्णाचा हक्क आहे, तो मागण्यात उर्मटपणा नाही.

निघण्याआधी हे तीन प्रश्न विचाराच:
मला समुपदेशनाची गरज आहे का, आणि ते इथे कोण करतं, कोणत्या वारी?
ही गोळी कशासाठी, किती महिने?
पुढची तारीख कोणती?

इथे माणसं कोण कोण असतात ते माहीत असलेलं बरं. सायकियाट्रिस्ट एमबीबीएसनंतर मानसोपचारात शिकलेले डॉक्टर, गोळ्या तेच लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतात, गोळी लिहीत नाहीत. मनोविकृती सामाजिक कार्यकर्ते घरची आणि कामाची बाजू बघतात. डॉक्टरांनी केसपेपरवर समुपदेशनासाठी लिहून दिलं की पुढच्या खोलीत जाणं सोपं होतं. तोंडी 'तिकडे जा' सांगितलं असेल तर 'केसपेपरवर लिहून देता का' म्हणा.

गोळ्यांबद्दल

चिंतेसाठी बहुधा एस्सिटालोप्राम किंवा सरट्रालिन अशा गटातली गोळी लिहितात. तिचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मात्र मळमळ होते, कधी बेचैनी आणखी वाढल्यासारखी वाटते. पुष्कळ जण चौथ्या-पाचव्या दिवशी 'ही गोळी मला सोसत नाही' म्हणून सोडतात ते याचमुळे. डॉक्टरांना आधीच सांगितलं तर कमी डोसने सुरुवात करता येते.

क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम तासाभरात शांत करतात, म्हणून तीच 'खरी' गोळी वाटते. तिची सवय लागते. ती दोन-चार आठवड्यांपुरती असते. संपल्यावर मेडिकलवाल्याकडून परस्पर आणत राहिलात तर पुढे ती सोडवणं हाच एक वेगळा उपचार होऊन बसतो. महिनोन् महिने चालू असेल तर एकदम बंदही करू नका, डोस हळूहळू उतरवावा लागतो.

रुग्णालयात औषध नसेल तर बाहेरची चिठ्ठी मिळते. तिच्यावर कंपनीचं नाही, औषधाचं मूळ नाव लिहून मागा, म्हणजे जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळतं.

समुपदेशनात काय होतं

नुसता धीर दिला जाईल अशी समजूत असेल तर ती बाजूला ठेवा. चिंतेवर सर्वात जास्त वापरली जाणारी पद्धत सीबीटी, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायचा बोलून केलेला उपचार. साधारण ८ ते १६ बैठका, आठवड्याला एक, पाऊण तासाची. सरकारी दवाखान्यात एवढा वेळ दरवेळी मिळेलच असं नाही, वीस मिनिटंही मिळतात. म्हणून घरी करायचा अभ्यास इथे जास्त महत्त्वाचा.

एसटीच्या भीतीचं घ्या. समुपदेशक भीतीची शिडी करायला सांगतात. पहिल्या पायरीवर स्टँडवर नुसतं अर्धा तास उभं राहायचं. मग उभ्या असलेल्या गाडीत बसून उतरायचं, मग जवळच्या बाळे गावापर्यंत, मग मोहोळ, टेंभुर्णी, सगळ्यात वर पुणे. प्रत्येक पायरीवर भीतीला शून्य ते दहा गुण द्यायचे आणि ती निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबायचं. खरी चूक इथे होते: भीती आठवर असताना माणूस उतरून पळतो, लगेच बरं वाटतं, आणि पळालो म्हणून वाचलो हे मेंदूत पक्कं होतं. पुढच्या वेळी भीती नऊवर. सोबतीला कुणी तरी हवंच, खिशात गोळी हवीच, हाही त्याच पळण्याचा सभ्य प्रकार, म्हणून वरच्या पायऱ्यांवर तोही सोडायला सांगतात.

दर बैठकीला एक छोटी वही न्या: तारीख, काय घडलं, मनात कोणता विचार आला, भीती किती, मी काय केलं. वही नसली की निम्मी बैठक आठवड्यात काय झालं ते आठवण्यात जाते.

येरवड्याच्या मनोरुग्णालयात पाठवतील का?

हा प्रश्न लोक विचारत नाहीत, पण मनात असतो. नाही. चिंतेचा उपचार ओपीडीतच होतो, घरी राहून, काम करून. डॉक्टरांकडे जाऊन आल्याचं दवाखाना कामाच्या ठिकाणी कळवत नाही.

वाट बघायची नाही अशा वेळा

छातीत दाबल्यासारखं दुखून कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम सुटत असेल, तर ती चिंता समजून घरी बसू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ अपघात विभागात जा. मनात मरणाचे विचार येत असतील तरी ओपीडीच्या वाराची वाट बघू नका. अपघात विभाग रात्रीही उघडा असतो, आणि १४४१६ लागतोच. माणसाने काही करून घेतलं असेल तर पोलीस केस होईल म्हणून घरचे दवाखान्यात न्यायला कचरतात. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तसं नव्हतं हे सिद्ध झाल्याशिवाय तिला शिक्षा होत नाही. त्यामुळे आधी न्या.

तारखा चुकतात तेव्हा

बरं वाटायला लागलं की तिसऱ्या महिन्यात माणूस येणं बंद करतो. दिवसाची मजुरी बुडते आणि रांग नको वाटते, हे खरंच आहे. पण आराम पडल्यावरही गोळी साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग उतरवतात. मध्येच सोडली तर चक्कर, चिडचिड होते, आणि आजार परतला असं वाटून लोक पुन्हा मेडिकलच्या गोळीकडे वळतात. गोळ्या संपायच्या चार दिवस आधीची तारीख मागून घ्या. स्थिर असाल तर 'जास्त दिवसांचं औषध देता येईल का' हेही विचारा. तारीख चुकलीच तर नवा केसपेपर काढू नका, जुनाच घेऊन जा. त्यावर मागचे डोस लिहिलेले असतात, तो हरवला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. प्रत्येक भेटीनंतर मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा.