मावशींचा कप वेगळा नको

हडपसरच्या एका ब्युरोत मी सुपरवायझर आहे. घरोघरी पेशंट सांभाळायला मावशी आणि ब्रदर, म्हणजे सेवा करणाऱ्या बायका आणि पुरुष, पाठवणं हे आमचं काम. त्याआधी अकरा वर्षं मी स्वतः बारा-बारा तासांच्या ड्युट्या केल्या आहेत. स्पंजिंग, डायपर, दर दोन तासांनी कूस बदलणं, नळीने खाणं देणं, सगळं. या कामात नव्याने सुपरवायझर होणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे, त्यांनीही वाचावं.

भेदभाव पहिल्या फोनपासूनच सुरू होतो आणि तो फार गोड बोलतो. ‘आपल्यातलीच एखादी बघा ना.’ ‘घरात देवघर आहे हो.’ ‘बाई जरा स्वच्छ असावी.’ हे ऐकून ‘हो हो, बघते’ म्हणू नका. तिथल्या तिथे विचारा, ‘म्हणजे नेमकं काय हवंय? पेशंटला काय लागतं?’ समोरचा माणूस जरा अडखळतो आणि मग खरी गरज बाहेर येते. आजींना पुरुषाकडून अंघोळ नको असते, किंवा घरात मांसाहार चालत नसतो.

आता चाळणी लावा. पेशंटचं अंग, भाषा, जेवण, प्रार्थना यांच्याशी मागणीचा संबंध असेल तर ती रास्त आहे. अंघोळीला बाईच हवी, ठीक. डब्यात मासे-मटण नको, तेही ठीक, घर त्यांचं आहे. पण मावशी स्वतःच्या घरी काय शिजवते, हे विचारायचा हक्क कुणाला नाही. जात किंवा धर्म बघून माणूस मागितला, तर मी स्पष्ट सांगते की आम्ही काम बघून माणूस देतो. काही जण फोन ठेवून देतात. ठेवू द्या.

भाषेचं मात्र मनावर घ्या. मूळच्या गोव्याच्या एक आजी होत्या, पुण्यात सगळं आयुष्य गेलेलं, मराठी उत्तम. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर मराठी गेलं आणि लहानपणची कोकणी तेवढी उरली. रात्रपाळीला आमची नांदेडची मुलगी होती. आजी रात्रभर ‘उदक, उदक’ म्हणत होत्या आणि तिला वाटलं, काहीतरी मंत्र म्हणताहेत. सकाळी मी पोहोचले तर आजींचे ओठ पांढरे पडून सोलले होते. त्या पाणी मागत होत्या. तेव्हापासून पेशंट लहानपणी घरात कोणती भाषा बोलायचा, हे आम्ही पहिल्याच दिवशी विचारतो. पाणी, दुखतंय, लघवी, थंडी, नको, असे दहा-बारा शब्द नातेवाइकांकडून लिहून घेतो आणि कागद पलंगाशी चिकटवतो. त्याच वेळी उपास, नमाजाची वेळ, जपमाळ, झोपताना लागणारी भजनं हेही विचारून घ्या. आडनाव बघून अंदाज बांधू नका.

आता एक चूक सांगते, ती माझीच आहे. सुपरवायझर झाले त्या पहिल्याच वर्षी एका मुसलमान मुलीला मी दुसरं नाव लावून पाठवलं. तिला काम हवं होतं, घर चांगलं वाटत होतं, मला वाटलं चालून जाईल. नवव्या दिवशी तिच्या अम्मीचा फोन आला, ती सलाम म्हणाली आणि घरच्यांनी ऐकलं. रात्री दहा वाजता पिशवीसकट तिला बाहेर काढलं. ती सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या खुर्चीत बसून माझी वाट बघत होती. मला म्हणाली, ‘ताई, काम गेल्याचं काही नाही. पण नऊ दिवस मी आजोबांशी खोटं बोलत होते.’ म्हणून सांगते, नाव कधीही बदलू नका. आधी काम सांगा, अनुभव सांगा, मग आधार कार्डाची प्रत आणि खरं नाव, आणि हे सगळं ड्युटी सुरू व्हायच्या आधी. नकार यायचा असेल तर तो तुमच्या फोनवर येऊ दे, तिच्या तोंडावर नको.

पहिल्या दिवशी मावशींबरोबर स्वतः जा आणि स्वयंपाकघरात उभं राहून चहा घ्या. कप बघा. बाल्कनीच्या कठड्यावर, फिनेलच्या बाटलीशेजारी उपडा घातलेला, कान तुटलेला कप मी इतक्या घरांत पाहिला आहे की आता तो लांबूनच ओळखते. तो दिसला की मी म्हणते, ‘मावशींचा कप वेगळा नको. जंतुसंसर्गाची भीती असेल तर पेशंटचा वेगळा ठेवू.’ हे आवाज न चढवता म्हणा, पण म्हणाच. घरातलं संडास-बाथरूम वापरू देणार का, दुपारी कुठे टेकायचं, लिफ्ट कोणती, हेही मावशींच्या समोरच ठरवून घ्या. कुणी फारच ताणलं तर संविधानाचं कलम १७ सांगा. अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळायला त्यात बंदी आहे.

हातमोज्यांचा नियम सरसकट ठेवा. मलमूत्र, रक्त, जखम असेल तिथे प्रत्येक घरी मोजे. एचआयव्ही असलेल्या पेशंटकडेच मोजे घातले तर सगळ्या मजल्याला कळतं, आणि २०१७ च्या कायद्याने ती माहिती संमतीशिवाय उघड करता येत नाही. तृतीयपंथी पेशंट असेल तर हाक कोणत्या नावाने मारायची आणि अंघोळ कुणी घालायची, हे त्यांनाच विचारा. फॉर्मवर ‘जवळचं माणूस’ या रकान्यात त्यांनी आपल्या समाजातल्या गुरूचं नाव सांगितलं तर तेच लिहा.

पैशांत ब्रदरला जास्त, मावशीला कमी, ही पद्धत आम्ही बंद केली. पेशंट उचलायचा आहे का, नळी आहे का, रात्रभर जागायचं आहे का, यावर दर ठरतो.

नव्या बायका ट्रेनिंगला येतात तेव्हा बऱ्याच जणी मान खाली घालून म्हणतात, ‘आमचं काय, घाण काढायचं काम.’ त्यांना मी आमच्याच हडपसरची गोष्ट सांगते. १८९७ च्या प्लेगात इथे ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुल्यांच्या मुलाचा, डॉ. यशवंत यांचा दवाखाना होता. सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन इथे आणलं. त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. हे ऐकून एक मावशी म्हणाल्या, ‘मग त्या आमच्याच लाइनच्या की.’

आठव्या दिवशी मावशींना फोन करा, त्या घराबाहेर असतील अशा वेळी. ‘सगळं ठीक ना?’ विचारलं तर ‘ठीक’ एवढंच उत्तर येतं. ‘काल दुपारी कुठे बसून जेवलात?’ असं विचारा. ‘जिन्यात’ म्हणाल्या तर त्याच संध्याकाळी त्या घरी जा.