रोजच्या वापरासाठी हेअर ड्रायर कसा पारखावा

मुंबईच्या पावसाळ्यात सकाळी धुतलेले केस लोकल पकडेपर्यंत वाळत नाहीत, म्हणून हेअर ड्रायर ही आता अनेक घरांची गरज झाली आहे. तो घेण्यापूर्वी प्रथम आपल्या घरातील सॉकेट पाहावे. ६ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॉटचा भार चालतो. त्यामुळे १,६०० किंवा २,००० वॉटचा ड्रायर घ्यायचा असेल, तर १६ अँपिअरचे सॉकेट आरशाजवळच हवे. एक्स्टेन्शन बोर्डावर तो मुळीच चालवू नये.

केवळ वॉट पाहून निवड करणे मला चुकीचे वाटते, कारण केस वाळवण्यात उष्णतेइतकाच हवेच्या झोताचा वाटा असतो. लोहार चाळीत, म्हणजे मुंबईतील विजेच्या वस्तूंच्या बाजारात, किंवा जवळच्या दुकानात ड्रायर सुरू करून घ्यावा आणि तळहात वीतभर अंतरावर धरावा: झोत जोरदार लागावा, पण मधोमध चटका बसू नये. थंड हवेचे बटण दाबल्यावर हवा काही क्षणांत खरोखर निवते का, हे आवर्जून तपासावे. त्यानंतर हात डोक्यामागे नेऊन ड्रायर तीन-चार मिनिटे तसाच धरावा. केस लांब असतील, तर मनगट भरून येणारा ड्रायर महिन्याभरात कपाटात जातो.

मागची जाळी सहज निघणारी असावी. तिच्यात केस व धूळ अडकली की हवा कोंडते आणि आतील कॉइल तापते. पंधरवड्यातून एकदा, प्लग काढून, ती जुन्या टूथब्रशने झाडावी.