पोकलेनचा ऑइल प्रेशरचा दिवा लागला: दोष सेन्सरचा की इंजिनचा?

लाल दिवा लागला, बझर वाजला, की ऑपरेटरने आधी इंजिन बंद करावं. 'सेन्सरच गेला असेल, संध्याकाळपर्यंत ओढू' हे वाक्य साइटवर वारंवार ऐकू येतं आणि त्यातूनच क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) धरतो, म्हणजे जाम होतो. प्रेशर खरोखर गेलेलं असेल तर बेअरिंग खराब व्हायला मिनिटंही पुरतात. दिवा खोटा आहे हे प्रेशर मोजणाऱ्या गेजने सिद्ध होईपर्यंत तो खराच धरा. तपासणीचा क्रमही त्यावरून ठरतो: आधी ऑइल, मग प्रत्यक्ष प्रेशर, मग वायरिंग आणि सगळ्यात शेवटी सेन्सर.

वायरला हात लावण्याआधी

मशीन सपाट जागी आहे ना बघा, बूम आणि बकेट जमिनीवर टेकवा, चावी काढून घ्या. ऑइल खाली उतरायला दहा-पंधरा मिनिटं द्या आणि मग डिपस्टिक बघा. उतारावर उभ्या मशीनची डिपस्टिक खोटं सांगते. लेव्हल कमी असेल तर गळती शोधा. लेव्हल वाढलेली असून डिझेलचा वास येत असेल, तर इंजेक्टर किंवा डिझेल पंपाच्या सीलमधून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. दुधाळ रंग म्हणजे पाणी किंवा कूलंट. या दोन्ही वेळी मशीन चालू करू नका, दिवा बरोबरच बोलतोय. फिल्टर कोणता बसवलाय आणि ऑइल कोणत्या ग्रेडचं भरलंय, हेही विचारा.

गेज लावा

ही पायरी टाळूच नका. साधं शून्य ते दहा बारचं मेकॅनिकल गेज आणि योग्य आट्याचा अडॅप्टर लागतो. ब्लॉकवर टेस्ट पोर्ट असेल तर तिथे, नाहीतर इंजिन बंद आणि थंड असताना सेन्सर काढून त्याच्या जागी गेज बसवा. आटे प्रत्येक मशीनला वेगळे असतात. हाताने सहज बसत नसेल तर जोर लावू नका, ब्लॉकचा आटा गेला तर खर्च सेन्सरच्या कितीतरी पट होतो.

आता इंजिन चालू करा. दहा-पंधरा सेकंदांत काटा उठला नाही, तर लगेच बंद करा. काटा उठला तर इंजिन नीट गरम होऊ द्या, कारण थंड, घट्ट ऑइलवर झिजलेलं इंजिनही चांगलं प्रेशर दाखवतं. गरम इंजिनला आयडलवर (रेस न देता, सगळ्यात कमी वेगावर) साधारण १ बार आणि कामाच्या आरपीएमवर ३ ते ५ बार हा ढोबळ अंदाज. शेवटचा शब्द मात्र त्या मॉडेलच्या मॅन्युअलचा.

दुपारी, गरम झाल्यावर, फक्त आयडलला दिवा लुकलुकतो ही तक्रार सगळ्यात फसवी. सकाळी सगळं ठीक दिसतं, म्हणून सेन्सर बदलला जातो आणि दुपारी दिवा पुन्हा येतो. अशा वेळी गरम इंजिनवर गेजचा आकडाही खाली असेल, तर संशय पातळ झालेल्या ऑइलवर, झिजलेल्या बेअरिंगवर, पंपावर, अडकलेल्या रिलीफ व्हॉल्व्हवर (जादा प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा पंपाकडे ऑइल ओढून घेणाऱ्या, चोंदलेल्या सक्शन जाळीवर घ्या. तिथे नवा सेन्सर काही करू शकत नाही.

गेज बरोबर, दिवा चूक

आता वायरिंगकडे वळा. जुन्या मशीनवर बहुधा एका वायरचा स्विच असतो. त्याची अर्थिंग इंजिनच्या बॉडीतूनच होते, म्हणून आट्यावर सीलिंग टेपचे थर चढवले की अर्थ तुटू शकतो. चावी ऑन ठेवून वायर काढा, दिवा विझला पाहिजे. वायर बॉडीला टेकवा, दिवा लागला पाहिजे. वायर काढूनही दिवा पेटलेलाच असेल, तर ती वाटेत कुठेतरी बॉडीला घासून शॉर्ट झालीय. टेकवूनही लागत नसेल तर वायर तुटलीय किंवा दिवा, फ्यूज गेलाय. दोन्ही बरोबर असेल तर स्विच बदला.

नव्या मशीनवर तीन वायरचा सेन्सर: ५ व्होल्ट सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. मॉनिटरवरचा कोड लिहून घ्या. जे-१९३९ या अवजड वाहनांच्या कोडच्या पद्धतीत एसपीएन हा आकडा दोष कशात आहे ते सांगतो आणि एफएमआय हा आकडा दोष कसा आहे ते. एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइल प्रेशर. त्याच्यापुढे एफएमआय ३ म्हणजे सिग्नलचा व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी. हे दोन्ही विजेचे दोष. एफएमआय १ आला तर कंट्रोलरच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) मते वाचन योग्य आहे आणि प्रेशरच कमी आहे. पुन्हा गेजकडे जा.

कपलर (सेन्सरला जोडलेला वायरचा प्लग) काढा आणि हार्नेसच्या (वायरांच्या जुडग्याच्या) बाजूला, चावी ऑन ठेवून, मल्टिमीटरने सप्लाय मोजा. ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. सप्लाय पडलेला असेल आणि एकाच वेळी दोन-तीन सेन्सरचे कोड आले असतील, तर दोष दुसऱ्याच सेन्सरचा असू शकतो, कारण ५ व्होल्टची लाइन बऱ्याचदा सामाईक असते. एकेक कपलर काढत जा. ज्याच्यावर व्होल्टेज परत येईल तो गुन्हेगार.

सप्लाय ठीक असेल तर कपलर काढलेला असतानाचा कोड बघा. एफएमआय ३ दाखवत असेल, तर छोट्या वायरने सिग्नल आणि अर्थ जोडा, कोड ४ व्हायला हवा. ४ दाखवत असेल, तर सिग्नल ५ व्होल्टच्या पिनला जोडा, ३ व्हायला हवा. कोड असा बदलला की हार्नेस आणि कंट्रोलर ठणठणीत, सेन्सर बदला. नाही बदलला तर वायर तपासा. बॅटरीचा २४ किंवा १२ व्होल्ट सिग्नलला चुकूनही लावू नका, कंट्रोलर जळू शकतो.

वायर तपासताना इन्सुलेशन टोचू नका, त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं. कपलरमध्ये ऑइल दिसलं तर ते बहुधा सेन्सरच्या आतूनच झिरपलंय. तो सेन्सर पुसून परत बसवू नका. हिरवट गंज, सैल पिना, सायलेन्सरजवळ वितळलेली वायर, उभ्या मशीनमध्ये उंदरांनी कुरतडलेला हार्नेस, हे सगळं डोळ्यांनी सापडतं. कोड येतो-जातो असा असेल तर इंजिन चालू ठेवून हार्नेस हलक्या हाताने हलवत मॉनिटरवरचं वाचन बघा. फिरते भाग आणि गरम पाइप यांपासून हात लांब ठेवा.

नवा सेन्सर बसवताना

पार्ट नंबर जुळवा. आटा आणि कपलर सारखाच असला, तरी आतली रेंज वेगळी असू शकते, मग मॉनिटर कायम चुकीचं प्रेशर दाखवेल. चावी ऑन, इंजिन बंद असताना अशा बऱ्याच सेन्सरचा सिग्नल ०.५ व्होल्टच्या आसपास असतो. टॉर्क मॅन्युअलप्रमाणे द्या आणि पान्याचा जोर षटकोनावर येऊ द्या, प्लास्टिकवर नाही. कोड पुसा, इंजिन गरम करा, टेस्ट पोर्टवरचं गेज आणि मॉनिटर यांचे आकडे जुळतात का बघा, मग गेज काढून आट्यापाशी गळती तपासा. आणि बकेटवर वेल्डिंग करताना बॅटरीचं कनेक्शन काढायला व अर्थ वेल्डच्या अगदी जवळ लावायला सांगा, नाहीतर नव्या सेन्सरसकट कंट्रोलरही जाऊ शकतो.