स्वतःची ऑपरेटिंग सिस्टम लिहून राहिले? मग या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या खेड्यात बसून ऑपरेटिंग सिस्टम लिहून राहिलो म्हटलं की लोक विचारतात, काऊन गा, विंडोज आहे ना? आहे, पण बटण दाबल्यापासून स्क्रीनवर पहिलं अक्षर येईपर्यंत मशीनच्या आत काय चालते ते मला पाहायचं होतं. गावात विचारायला कोणी नाही अन् एकेक चूक आठवडा खाते, म्हणून जिथे जिथे अडलो ते लिहून ठेवतो, पुढच्या पोट्ट्यांच्या कामी येईल.

पहिली गडबड म्हणजे डोक्यात खिडक्या, माऊस, मराठी फॉन्ट घेऊन बसायचं. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टम बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये ३८६ प्रोसेसरच्या मशीनवर सुरुवात केली तेव्हा त्याच्याकडे दोनच टास्क होते, एक ए छापायचा अन् दुसरा बी, बस. तुम्हीही तेवढंच धरा. बूट होऊन, म्हणजे मशीन चालू होऊन आपला कोड सुरू होऊन, एक अक्षर दिसलं तरी खूप झालं.

दुसरं, लिनक्समधला रोजचा जीसीसी, म्हणजे सीमधल्या कोडचा मशीनला कळणारा कोड करणारा कंपायलर, वापरू नका. तो असं धरून चालतो की खाली लिनक्स आहे, लायब्ररी आहे, अन् तुमच्याकडे तं काहीच नाही. सुरुवातीला कोड चालल्यासारखा वाटते, पुढे कुठेतरी असा फसतो की सापडता सापडत नाही. आय-६८६ ईएलएफचा क्रॉस कंपायलर, म्हणजे खाली कोणतीच सिस्टम नाही असं धरून ३२ बिट इंटेल मशीनसाठी कोड बनवणारा, एकदाच बनवून ठेवा. सोर्स शंभरेक एमबीचा आहे, तालुक्याला गेलं की वायफायवर उतरवून घ्या, अन् जुन्या लॅपटॉपवर बिल्डला तासाच्या वर लागते, म्हणून लाइन टिकते त्या वेळीच लावा, माझं दोनदा अर्ध्यात गेलं.

बूट सेक्टर, म्हणजे मशीन चालू होताच डिस्कवरून पहिला उचलला जाणारा तुकडा, स्वतः लिहिला अन् "बूटेबल डिव्हाइस नाही" असं येऊन राहिलं तर आधी फाइलची साइज पाहा. बरोबर ५१२ बाइट पाहिजे, शेवटचे दोन बाइट ५५ अन् एए (हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत), याच क्रमाने. बूट होते पण मेसेजच्या जागी कचरा छापते? मग पत्ता चुकला, बायॉस (मशीन चालू होताच आधी चालणारा प्रोग्राम) तुमचा कोड मेमरीत ७सी०० वर ठेवते हे असेंबलरला (कोडचे बाइट बनवणाऱ्या प्रोग्रामला) ऑर्ग लिहून सांगावं लागते. अन् डीएस रजिस्टर, म्हणजे डेटाचा पत्ता कुठून मोजायचा ते सांगणारा प्रोसेसरमधला कप्पा, स्वतः शून्य करा. इम्युलेटरमध्ये (मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) तो बरेचदा आपसूक शून्य निघतो, खऱ्या मशीनवर त्याची गॅरंटी नाही, मग माणूस म्हणते घरी तं चालत होतं. माझं मत विचाराल तर बूटलोडरमध्ये (सिस्टम मेमरीत आणून सुरू करणाऱ्या कोडमध्ये) चार महिने घालवूच नका, ग्रब हा तयार बूटलोडर घ्या. फक्त मल्टिबूटचा हेडर (ग्रबला तुमची फाइल ओळखू देणारी खूण) फाइलच्या पहिल्या ८१९२ बाइटच्या आत पाहिजे, अन् ग्रब स्टॅक (फंक्शनचा तात्पुरता डेटा ठेवायची जागा) देत नाही, तो तुम्हीच मांडायचा. इथे एक नेहमीची चूक होते. कडब्याची गंजी खालून वर चढते पण हा स्टॅक वरून खाली उतरतो, म्हणून १६ केबी जागा राखली तर ईएसपीमध्ये (स्टॅकचा पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये) तिचं वरचं टोक द्या, खालचं दिलं की तो शेजारच्या डेटावर लिहीत सुटते.

आता मेन गोष्ट. मशीन सारखी रीस्टार्ट होऊन राहिली तर तो ट्रिपल फॉल्ट आहे. प्रोसेसरला एक एरर आली, ती हाताळताना दुसरी आली, दुसरी हाताळताना तिसरी, मग तो सरळ रीसेट मारते. स्क्रीनवर काहीच थांबत नाही, कोड बदलून बदलून पाहण्यात रात्र जाते. तसं करू नका. क्यूईएमयू हा इम्युलेटर नो-रीबूट लावून चालवा, इंटरप्टचा (चालू काम थांबवून प्रोसेसरचं लक्ष वेधणाऱ्या इशाऱ्याचा) लॉग चालू करा, त्यात कोणता एक्सेप्शन नंबर, म्हणजे कोणती एरर आली अन् ईआयपी (चालू सूचनेचा पत्ता) कुठे होता ते दिसते. अन् सगळ्यात आधी, अगदी पहिल्या दिवशी, सिरियल पोर्ट (एकेक बिट बाहेर पाठवायची वाट) ३एफ८ वर अक्षर पाठवायचं फंक्शन लिहा. स्क्रीनच्या मेमरीत बी८००० वर रंगीत अक्षरं छापायला मजा येते हो, पण स्क्रीन रीसेटमध्ये पुसली जाते, सिरियलवर आलेलं टर्मिनलमध्ये जसंच्या तसं राहते.

इंटरप्ट चालू करताच डबल फॉल्ट (एरर हाताळताना दुसरी एरर) येत असेल तर पिक, म्हणजे इंटरप्ट प्रोसेसरकडे पोचवणारी चिप, पाहा. बायॉसने टायमरचा इंटरप्ट नंबर ८ वर ठेवलेला असते, अन् प्रोटेक्टेड मोडमध्ये (तुमचा ३२ बिट कोड चालतो त्या मोडमध्ये) ८ म्हणजे डबल फॉल्ट. एकाच नंबरची दोन घरं झाली, चिठ्ठी चुकीच्या दारात जाणारच. पिकचे नंबर बदलून, म्हणजे रीमॅप करून, टायमर ३२ वर न्या.

कीबोर्डने मला तीन संध्याकाळ रडवलं. ए दाबला, ए दिसला, नंतर काही दाबा, पडदा जसाच्या तसा. माय जेवायला बोलवून राहिली अन् मी तीच की दाबून राहिलो. कीबोर्डचा टेबल तपासला, आयडीटी (कोणत्या इंटरप्टला कोणता कोड चालवायचा तो टेबल) तपासला, सगळं बरोबर. कमी होती एका ओळीची, काम झाल्यावर पोर्ट २० वर २० लिहून पिकला "झालं" म्हणून सांगायचं असते, दोन्ही नंबर हेक्समधले. ते सांगितलं नाही तर तो पुढचा इंटरप्ट देतच नाही. पोर्ट ६० वरून स्कॅनकोड (दाबलेल्या कीचा नंबर) वाचला नाही तरी तसंच होते, म्हणून एकच की चालून बंद पडली तर ह्या दोन ओळी आधी बघा.

पेन ड्राइव्हवर टाकायची घाई असते ते समजते, पण डीडी (डिस्कवर थेट लिहिणारी कमांड) मारण्याआधी एलएसबीएलके (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) चालवून साइज पाहून डिस्क ओळखा. एका अक्षराच्या चुकीत घरच्या फोटोंसकट सगळी हार्ड डिस्क जाते, ते परत येत नाही.