विकरं कधी धावतात, कधी थांबतात: लाळ आणि आयोडीन वापरून प्रयोग कसा करावा

पेजेच्या वाटीत उष्टा चमचा राहून गेला की थोड्या वेळाने पेज पातळ होते. लाळेतलं अमायलेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, पेजेतल्या स्टार्चचे तुकडे पाडत असतं. तापमान आणि आंबटपणा बदलला की या कामाचा वेग कसा बदलतो, हे मोजायला शाळेची प्रयोगशाळा तर पुरेच, स्वयंपाकघरातला ओटाही चालतो.

साहित्य: कॉर्नफ्लोअर, औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन, पांढरी टाइल किंवा पांढरी बशी, सुई नसलेली ५ मिलिची सिरिंज, ड्रॉपर, थर्मामीटर, व्हिनेगर, बर्फ, काचेचे छोटे ग्लास किंवा परीक्षानळ्या. थर्मामीटर १०० अंशांपर्यंतचा घ्या. तापाचा उपयोगी नाही.

तयारी

सपाट अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर थोड्या गार पाण्यात कालवा, ते १०० मिलि उकळत्या पाण्यात ओता आणि पाणी पारदर्शक दिसू लागेपर्यंत ढवळा. कच्चं पीठ वापरू नका. शिजलेला स्टार्च विकराला लवकर सापडतो. मग थंड होऊ द्या.

आता लाळ. खळखळून चूळ भरा, पाच मिनिटं थांबा. मग २० मिलि कोमट पाणी तोंडात घेऊन मिनिटभर घोळवा, कपात सोडा आणि कापसाच्या बोळ्यातून गाळून घ्या. पूर्ण प्रयोगाला एकाच माणसाची, एकाच वेळची लाळ वापरा. लाळेतलं अमायलेजचं प्रमाण माणसागणिक खूप वेगळं असतं. एका नळीत ताईची आणि दुसरीत दादाची लाळ घातलीत तर तुम्ही तापमान नाही, भावंडं मोजत आहात.

स्टार्च भेटला की आयोडीन काळं-निळं होतं, स्टार्च संपला की होत नाही. विकराचं काम यावरूनच कळतं. आयोडीन फिक्या चहाच्या रंगाचं होईल इतकं पातळ करा आणि टाइलवर त्याचे थेंब रांगेत ठेवा.

मोजणी

आधी ३७ अंशांची नळी करा. स्टार्च ५ मिलि आणि लाळेचं पाणी १ मिलि, दोन्ही वेगवेगळे कोमट पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं ठेवा. दोन्ही तापल्यावरच एकत्र करा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग गार लाळ कोमट स्टार्चमध्ये पडून पहिलं मिनिट फुकट जातं.

एकत्र करताच घड्याळ लावा. दर ३० सेकंदांनी मिश्रणाचा एक थेंब आयोडीनच्या नव्या थेंबावर सोडा, ड्रॉपर दर वेळी धुऊन. पहिले थेंब काळे-निळे होतील, मग जांभळे, मग तांबूस, आणि शेवटी आयोडीनचा स्वतःचा पिवळसर रंग तसाच राहील. ती वेळ लिहा. हे सगळं पहिल्याच अर्ध्या मिनिटात उरकलं तर लाळेत आणखी पाणी घाला. तीन ते पाच मिनिटं लागली तर मोजायला सोपं जातं.

त्याच पद्धतीने बर्फाच्या पाण्यात, खोलीच्या तापमानाला आणि ६० अंशांना करा. वहीत ‘खोलीचं तापमान’ एवढंच लिहू नका: मे महिन्यात विदर्भात ते ३७ च्याही वर जातं आणि डिसेंबरात नाशकात निम्म्यावर येतं. शेवटची नळी उकळलेल्या लाळेची. लाळेचं पाणी पाच मिनिटं उकळा, पुन्हा गार करा आणि मग ३७ अंशांना तपासा.

बर्फातली नळी बराच वेळ निळीच राहते. ती ३७ अंशांच्या पाण्यात हलवलीत की रंग उतरू लागतो. थंडीने विकर मंदावलं होतं, मेलं नव्हतं. उकळलेली लाळ मात्र कितीही वाट पाहिली तरी काम करत नाही, कारण विकर हे प्रथिन आहे आणि उष्णतेने त्याची घडी मोडते. उकडलेलं अंडं फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा कच्चं होत नाही, तसंच. ६० अंशांचे निकाल गोंधळात टाकतात: सुरुवातीला झपाटा, मग ढिलाई. त्यामुळे ती नळी दोनदा करा.

३७ हा सगळ्याच विकरांचा आकडा नव्हे. मोड आलेल्या नाचणीच्या पिठातही अमायलेज असतं आणि त्याला याहून बरंच जास्त तापमान मानवतं. १८३३ साली फ्रान्समध्ये पायां आणि पेर्सो या रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या जवातून वेगळं केलेलं डायस्टेज याच घराण्यातलं.

आंबटपणा, आणि आयोडीनची फसवणूक

लाळेच्या अमायलेजला सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) ७ च्या जरासा खाली आवडतो. स्टार्चमध्ये १ मिलि व्हिनेगर घालून ३७ अंशांना पुन्हा तपासा. थेंब निळेच राहतील. घास जठरातल्या आम्लात पूर्ण मिसळला की तिथेही हेच होतं.

व्हिनेगरच का, लिंबू का नाही? शाळेत असताना मी लिंबूच पिळलं होतं. निळा रंग क्षणात गेला आणि मी वहीत ऐटीत लिहिलं, ‘आम्लात विकर सर्वांत वेगाने काम करते.’ शेरा मिळाला, ‘लाळ न घालता करून पाहा.’ केलं, तरी रंग गेला! लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनलाच रंगहीन करतं. विकराचा त्यात काही संबंध नव्हता.

म्हणून प्रत्येक बदलासाठी लाळेशिवायची एक जोडनळी ठेवा. तिच्यातला रंगही गेला तर दोष विकराचा नाही. आम्लाच्या उलट, अल्कलीत तपासायचं असेल तर धुण्याचा सोडा टाळा, त्याच्या तीव्र अल्कलीतही आयोडीनचा रंग उडतो. खायचा सोडा चिमूटभर चालतो. गरम नळीत थेट आयोडीन ओतलं तरी निळा रंग दिसत नाही आणि नळी गार झाल्यावर परत येतो. टाइलवरचा थेंब लगेच निवतो, म्हणून तर एवढी थेंबांची कटकट.

प्रयोगशाळेत मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) थेंब घालूनही विकर थांबवून दाखवतात. मोरचूद विषारी आहे, घरी नको.

आवरताना नळ्यांतलं सगळं मोरीत ओता, भांडी साबणाने घासा. ओट्यावर किंवा बाहीवर आयोडीनचे डाग पडले असतील, तर आता ते लिंबू घ्या.